चरबीला पर्याय : मोहाच्या टोळीपासून साबणाच्या वडीपर्यंत

वैनगंगेच्या खोऱ्यातील वडसा, म्हणजेच देसाईगंज, हे गाव भातगिरण्यांचे व बाजारपेठेचे म्हणून ओळखले जाते. गोंदिया-नागभीड-चांदाफोर्ट या मार्गावरील वडसा स्थानक हे कित्येक दशके आजच्या गडचिरोली जिल्ह्यातील एकमेव रेल्वे स्थानक होते. २६ ऑगस्ट १९८२ रोजी चंद्रपूर जिल्ह्याचे विभाजन होऊन गडचिरोली जिल्हा अस्तित्वात आला, त्याच्या कितीतरी आधीपासून आरमोरी, कुरखेडा, कोरची या बाजूच्या जंगलपट्ट्याला बाहेरच्या जगाशी जोडणारा हाच जवळचा लोहमार्ग होता. त्या जंगलातून मोहफूल येते, तेंदूपाने येतात, हिरडा-बेहडा येतो, चारोळी येते. आणि मृग-आर्द्रेच्या सुमारास येते मोहाची टोळी. मोहाच्या फळातील या बीला बाजारात फारशी प्रतिष्ठा नाही. पण ज्या समाजाने चरबीच्या स्पर्शाला पिढ्यान्‌पिढ्या नकार दिला, त्या समाजाच्या दृष्टीने साबणाच्या इतिहासात या टोळीचे स्थान मोठे आहे. त्याची हकीकत सांगण्याचा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

साबण ही आपल्याकडची मूळची घरगुती वस्तू नव्हे. शब्दही परकीय वळणाचा आहे. जुन्या घरांत अंगाला डाळीचे पीठ, केसांना रिठा व शिकेकाई, रेशमी वस्त्राला पुन्हा रिठाच, आणि जाड्याभरड्या कपड्याला राखेचे पाणी किंवा खारी माती अशी व्यवस्था होती. वरठी किंवा परीट कपडे भट्टीवर चढवीत ते याच खाराच्या बळावर. या सर्व साधनांत एक गोष्ट समान होती : त्यांत प्राणिज असे काही नव्हते. रिठ्याच्या सालीत फेस आणणारे द्रव्य निसर्गतःच असते. तेथे तेल नको, चरबी नको, कढई नको. त्यामुळे धुण्याच्या बाबतीत श्रावकाच्या मनात हिंसेचा प्रश्न उद्भवण्याचे फारसे कारणच नव्हते. तो उद्भवला तो विलायती वडीबरोबर.

युरोपात साबण बनविण्याचा पाया प्रामुख्याने दोन पदार्थांवर उभा होता. दक्षिणेकडे ऑलिव्हचे तेल आणि उत्तरेकडे गुराढोरांची चरबी. इंग्लंड उत्तरेचे. खाटीकखान्यातून निघणारी चरबी वितळवून तिच्या मेणबत्त्या व साबण करणे हा तेथील जुना व्यवसाय होता. १७९१ मध्ये निकोला लेब्लांक या फ्रेंच रसायनतज्ज्ञाने मिठापासून सोडा तयार करण्याची रीत शोधली आणि खार स्वस्त झाला. शेव्ह्रल याने १८२३ मध्ये आपल्या ग्रंथात स्निग्ध पदार्थांची घडण उलगडून दाखविली आणि साबण म्हणजे नेमके काय हे कळले. स्निग्ध पदार्थात मेदाम्ले ग्लिसरीनशी बांधलेली असतात. तीव्र खार ती गाठ सोडवितो, मेदाम्लाशी स्वतः जुळतो व साबण होतो, ग्लिसरीन मोकळे राहते. मेदाम्ल गाईच्या चरबीतले आहे की झाडाच्या बीतले, याची खाराला पर्वा नसते. पर्यायाची सारी शक्यता या एका गोष्टीत दडलेली आहे.

१८८८ मध्ये लिव्हर बंधूंच्या 'सनलाइट' साबणाची खोकी कलकत्त्याच्या बंदरात उतरली, हा प्रसंग भारतातील साबणाच्या व्यापाराचा आरंभ म्हणून सांगितला जातो. सनलाइटचा मूळ पाठ नोंदला गेला आहे : सुमारे ४२ टक्के खोबऱ्याचे किंवा पामच्या गराचे तेल, सुमारे २५ टक्के चरबी, सुमारे २४ टक्के सरकीचे तेल आणि उरलेली राळ. त्या काळच्या इतर विलायती साबणांच्या मानाने त्यात वनस्पतिज तेल अधिक होते, आणि फेस लवकर येई तो त्यामुळेच. तरीही चौथा हिस्सा चरबीचाच होता. ज्या देशात १८५७ मध्ये काडतुसाला लावलेल्या चरबीने एवढा वणवा पेटविला होता, त्याच देशात तीस वर्षांनी चरबीची वडी न्हाणीघरात जाऊन बसली, आणि तिच्यावरील वेष्टनात काय आहे हे वाचण्याची सोय बहुतेकांना नव्हती. कळले असते तर किती घरांनी ती घेतली असती, हा प्रश्न इतिहासकाराला पडण्यासारखा आहे.

जैन आचारशास्त्रात या वस्तूला नावानिशी स्थान आहे, हे येथे नमूद केले पाहिजे. श्रावकाने टाळावयाच्या पंधरा व्यवसायांना कर्मादान म्हणतात. त्यांतील रसवाणिज्याचा अर्थ सांगताना बाराव्या शतकातील आचार्य हेमचंद्रांनी योगशास्त्रात लोणी, मध आणि मद्य यांच्या बरोबरीने वसेचा, म्हणजे चरबीचा, उल्लेख केला आहे. म्हणजे खाणे तर दूरच, चरबीचा व्यापारही वर्ज्य. पण त्याच यादीत यंत्रपीडन हेही आहे : तीळ, ऊस, सरसू यांसारख्या वस्तू यंत्रात पिळण्याचा धंदा. तेव्हा चरबी सोडून तेलाकडे वळलेला श्रावक सर्वस्वी निर्दोष झाला असे शास्त्र म्हणत नाही. बी सजीव आहे, घाण्यात तिच्याबरोबर किडेही चिरडले जातात. साबणाच्या बाबतीत निवड नेहमी अधिक हिंसा व अल्प हिंसा यांतली राहिली आहे, आणि ती विचारपूर्वक करावयाची तर तेलांचा स्वभाव ठाऊक असावा लागतो.

स्वदेशीच्या चळवळीने या प्रश्नाला पहिले ठोस उत्तर दिले. कुलुपांच्या धंद्यात नाव कमावलेल्या अर्देशिर गोदरेज यांनी १९१८ मध्ये मुंबईत प्राणिज चरबीविरहित धुण्याचा साबण बाजारात आणला. त्याचे नाव 'चावी'. पाठोपाठ अंगाचा साबण आला तो 'नंबर दोन', आणि 'नंबर एक' त्याच्यानंतर. दुसऱ्या क्रमांकाचा साबण इतका चांगला तर पहिल्या क्रमांकाचा कसा असेल, असे गिऱ्हाइकाने म्हणावे, ही त्यामागची युक्ती सांगितली जाते. रवींद्रनाथ टागोरांसारख्यांनी या साबणाची शिफारस केली होती. त्याच सुमारास, १९१७ मध्ये, टाटांनी तेलगिरणीची कंपनी स्थापिली आणि कोचीनजवळच्या खोबऱ्याला साबणाचा रस्ता मिळाला. निव्वळ वनस्पतिज तेलांचा साबण होऊ शकतो, तो विलायती मालाच्या तोडीस उतरू शकतो आणि विकलाही जाऊ शकतो, हे या उद्योगांनी सिद्ध केले. मात्र तेल बहुतांशी खोबऱ्याचे होते. कोकण-मलबारच्या किनाऱ्यावर हे ठीक. पण झाडीपट्टीत नारळ कोठून यावा? येथे ते तेल विकत आणूनच वापरावे लागे.

येथे तेलांच्या स्वभावाविषयी थोडे विस्ताराने लिहिणे भाग आहे. त्याशिवाय टोळीचे महत्त्व ध्यानात येणार नाही.

प्रत्येक तेलातील मेदाम्लांचे मिश्रण वेगळे असते. खोबऱ्याच्या तेलात लॉरिक आम्लाचे प्रमाण जवळजवळ निम्मे असते. त्यामुळे फेस भरपूर व चटकन येतो, वडी कठीण होते, पण अशा साबणाने हात कोरडे पडतात आणि वडी लवकर झिजते. जवसाचे तेल त्याच्या दुसऱ्या टोकाला. विदर्भात धान कापल्यावर ओलाव्यावर जवस व लाखोळी घेण्याची रीत असल्याने हे तेल हाताशी असते. पण त्यापासून होणारा साबण मऊ राहतो आणि थोड्याच दिवसांत त्याला खवट वास येऊन पिवळे डाग पडतात. तिळाचे व शेंगदाण्याचे तेल मधले. अंगाला मृदू, परंतु एकट्याने वापरल्यास वडी लिबलिबीत. एरंडेल फेसाला स्थैर्य देते, तथापि जास्त झाले तर वडी चिकट होते. करंजाचे तेल कडू, गडद रंगाचे व उग्र वासाचे. धुण्याच्या साबणाला उत्तम, अंगाच्या साबणाला थोडेच चालते. निंबोळीच्या तेलाचेही तेच.

आता चरबी पाहा. गाईम्हशींच्या चरबीत पामिटिक आम्ल साधारण चौथा हिस्सा, स्टिअरिक आम्ल सुमारे पाचवा हिस्सा आणि ओलिइक आम्ल चाळीस टक्क्यांच्या आसपास असते. वडीला टिकाऊ कठीणपणा येतो, ती पाण्यात विरघळून जात नाही, फेस बारीक व दाट येतो, ते या जुळणीमुळे. साबण कारखानदार चरबीला चिकटून राहिले ते केवळ स्वस्ताईपोटी नव्हे, या गुणांसाठीही. आणि मोहाच्या टोळीचे तेल? त्यात पामिटिक आम्ल वीस ते पंचवीस टक्के, स्टिअरिक तितकेच, ओलिइक चाळीस टक्क्यांहून थोडे अधिक. दोन्ही आकडे शेजारी मांडले तर रसायनतज्ज्ञालाही क्षणभर थबकावे लागेल. म्हणूनच टोळीचे तेल हिवाळ्यात तुपासारखे थिजते. जंगलातील एका वृक्षाने गाईच्या चरबीशी जवळपास जुळणारा स्निग्ध पदार्थ आपल्या बीत साठवून ठेवला आहे, कोणाचाही जीव न घेता मिळणारा. चरबीला भारतात जे पर्याय शोधले गेले त्यांत इतका नैसर्गिक जोडीदार दुसरा क्वचितच असेल. साल वृक्षाच्या बीचे तेलही कठीण आहे, पण सालाची मोठी वने बस्तर-मंडल्याकडे. आपल्याकडे राज्य सागाचे, आणि त्याच्या सोबतीने मोहाचे.

परंतु एका तेलाऐवजी दुसरे घेणे हे साखरेऐवजी गूळ घालण्याइतके सोपे नाही, आणि घरी साबण करू पाहणाऱ्या अनेकांचे हात याच ठिकाणी पोळले आहेत. प्रत्येक तेलाला लागणारा कॉस्टिक सोडा निराळा असतो. एक किलो खोबऱ्याच्या तेलाला शुद्ध कॉस्टिक सोडा सुमारे १८३ ग्रॅम लागतो. एक किलो टोळीच्या तेलाला सुमारे १३६ ग्रॅम, करंजाला सुमारे १३३, एरंडेलाला सुमारे १२८. चरबीचा आकडा १४० च्या आसपास, म्हणजे येथेही टोळी तिच्या जवळचीच. खोबऱ्याच्या तेलाचा पाठ हाती धरून कोणी त्यात तेवढेच टोळीचे तेल घातले आणि सोडा मात्र तोच ठेवला, तर किलोमागे ४७ ग्रॅम कॉस्टिक सोडा मोकळा उरेल. अशी वडी कातडी जाळते, कपडा कुजविते, आणि नालीत गेल्यावर तेथील सूक्ष्म जीवांचा संहार करते. याच्या उलट केले, म्हणजे टोळीचा पाठ ठेवून खोबऱ्याचे तेल घातले, तर चौथ्या हिश्श्याहून अधिक तेलाचा साबणच होणार नाही आणि वडी तेलकट राहून खवट होईल. पर्यायाचा हिशेब प्रत्येक तेलाच्या वजनाने मांडावा लागतो, मापाने नव्हे.

उदाहरणादाखल, ७०० ग्रॅम टोळीचे तेल, २०० ग्रॅम खोबरेल आणि १०० ग्रॅम एरंडेल घेतले तर अनुक्रमे ९५, ३७ व १३, असा एकूण १४५ ग्रॅमच्या आसपास सोडा होतो. त्यातून पाच टक्के कमी करून सुमारे १३७ ग्रॅम घ्यावा, म्हणजे थोडे तेल मोकळे राहून हाताला स्निग्धता मिळते व मोकळ्या सोड्याचे भय राहत नाही. सोडा नेहमी पाण्यात सोडावा, सोड्यावर पाणी कधीही ओतू नये. भांडे स्टीलचे असावे, ॲल्युमिनियमचे मुळीच नको, कारण सोडा त्याला खातो. आणि वडी पाडल्यावर महिनाभर सुकू द्यावी. टोळीचे तेल थंडीत थिजलेले असल्यास आधी कोमट करून घ्यावे लागते. या सर्वांत खोबरेल फेसासाठी, एरंडेल तो टिकावा म्हणून आणि टोळी वडीच्या हाडासाठी. मूळ युरोपीय पाठात ते हाड चरबीचे होते, एवढाच फरक.

हा विचार ग्रामोद्योग म्हणून संघटितपणे मांडला गेला तो आपल्या विदर्भातच, ही अभिमानाची गोष्ट आहे. डिसेंबर १९३४ मध्ये वर्ध्याला अखिल भारत ग्रामोद्योग संघाची स्थापना झाली. जमनालाल बजाज यांनी दिलेल्या बागेत, मगनवाडीत, संघाचे काम सुरू झाले, जे. सी. कुमारप्पा हे त्याचे सूत्रधार. ३० डिसेंबर १९३८ रोजी महात्मा गांधींच्या हस्ते तेथील मगन संग्रहालयाचे उद्घाटन झाले. बैलाने चालविण्याच्या जुन्या घाणीत सुधारणा करून झवेरभाई पटेल यांनी जी घाणी सिद्ध केली ती 'वर्धा घाणी' म्हणून देशभर गेली. रॉकेलऐवजी वनस्पतिज तेलावर जळणारा 'मगनदीप' याच परिसरातला. खाण्याचे तेल खाण्यासाठी राखावे, दिवा आणि साबण यांसाठी जंगलातील व बांधावरील झाडांचे तेल वापरावे, हा त्यामागचा हिशेब होता. गरीब देशात शेंगदाण्याचे व तिळाचे तेल साबणात जाळणे कुमारप्पांच्या अर्थशास्त्राला मानवणारे नव्हते.

दुसऱ्या महायुद्धात या विचाराची सत्यता वेगळ्याच रीतीने पटली. १९४२ मध्ये मलाया जपानच्या ताब्यात गेला आणि पूर्वेकडून येणारे खोबरे व पाम तेल यांचा एक मोठा स्रोत आटला. ब्रिटनमध्ये त्याच वर्षी फेब्रुवारीत साबणाचे शिधावाटप सुरू झाले, कारण स्निग्ध पदार्थ ताटात हवे होते. साबण आणि ताट यांची ही ओढाताण पुढे भारतानेही अनेक वर्षे अनुभवली.

स्वातंत्र्यानंतर खादी व ग्रामोद्योगांचे जे मंडळ १९५३ मध्ये झाले आणि १९५७ पासून ज्याचे काम वैधानिक आयोगाकडे आले, त्याच्या उद्योगांच्या यादीत 'अखाद्य तेल व साबण' असा स्वतंत्र विभाग होता. निंबोळी, करंज, मोह, कुसुम, उंडी अशा बिया गोळा करणे, त्यांचे तेल काढणे, त्याचा साबण करणे आणि ढेप खत म्हणून शेताला देणे, अशी ती साखळी. या संचालनालयातील सी. एम. केतकर यांनी निंबोळी आणि तिच्या ढेपेवर केलेले काम १९७६ मध्ये आयोगाने प्रसिद्ध केले. ते आजही आधारभूत मानले जाते. खादी भांडारातील खरबरीत, हिरवट-तपकिरी वड्या अनेक वाचकांच्या स्मरणात असतील. दिसायला त्या कधीच देखण्या नव्हत्या. वासही औषधी. पण त्या वड्यांमागे एक पूर्ण विचार होता, आणि पुष्कळ जैन घरांना त्यात आपल्या व्रताची सोय सापडावी हे स्वाभाविकच होते.

तरी या उद्योगाने देशाची साबणाची गरज भागविली असे म्हणणे अतिशयोक्तीचे होईल. मोठे कारखाने स्वस्त आयात चरबीकडेच वळत राहिले. अडचण बियांच्या गुणाची होती. मोहाची टोळी गळते ती नेमकी पावसाच्या तोंडावर, जून-जुलैत. ओली बी ढिगात राहिली की तिला बुरशी धरते, तेलातील मेदाम्ले मोकळी होऊ लागतात, तेल काळपट होते. शिवाय याच दिवसांत रोवणीची धांदल असते. बी वेचणारे हात धानाच्या बांधीत गुंतलेले असतात. झाडाखाली पडलेल्या टोळीपैकी किती वाया जाते हे जंगलात पाय ठेवणाऱ्यालाच कळते. कारखानदाराला बारमाही, एकसारख्या रंगाचे तेल हवे असते आणि जंगल ते तसे देत नाही.

१९८३ साल या संपूर्ण प्रश्नाला कलाटणी देणारे ठरले. परदेशातून साबणासाठी म्हणून येणारी गाईची चरबी वनस्पती तुपात मिसळली जात असल्याच्या बातम्यांनी देश हादरला. संसदेत गदारोळ झाला, रस्त्यावर निदर्शने झाली, आणि त्याच वर्षी केंद्र सरकारने चरबीच्या आयातीवर बंदी घातली. चर्चा प्रामुख्याने तुपाची झाली. परंतु त्यानिमित्ताने एक गोष्ट प्रथमच घरोघरी पोहोचली : ही चरबी एरवी उघडपणे, कायदेशीररीत्या, साबणात जातच होती. तूप टाकून देणाऱ्या घरांनी न्हाणीतील वडीकडेही त्या दिवसांत संशयाने पाहिले असल्यास नवल नाही. जे काम शास्त्रवचनांनी आणि खादी भांडारांनी पन्नास वर्षांत झाले नाही ते एका बंदीने झाले. साबण उद्योगाला रातोरात नवा कच्चा माल शोधावा लागला. त्या दशकात अपारंपरिक तेले साबणात वापरणाऱ्यांना उत्पादन शुल्कात सवलती दिल्या गेल्या, आणि पुढे पाम तेलाच्या कठीण भागाने, म्हणजे पाम स्टिअरीनने, चरबीची जागा मोठ्या प्रमाणावर घेतली. टोळीची संधी आली होती, ती बव्हंशी मलेशिया-इंडोनेशियाच्या पामने नेली.

या घडामोडीत वडशासारख्या गावाच्या दृष्टीने आणखी एका तेलाची दखल घ्यावी लागते, ते म्हणजे धानाच्या कोंड्याचे तेल. तांदूळ पांढरा करताना जो बारीक कोंडा निघतो त्यात साधारण पंधरा ते वीस टक्के तेल असते. पण कोंड्याचा एक मोठा दोष आहे. धान सडताच कोंड्यातील एक पाचक द्रव्य तेलावर तुटून पडते आणि काही तासांतच मेदाम्ले मोकळी करू लागते. चोवीस तास पडून राहिलेल्या कोंड्याचे तेल खाण्याच्या कामाचे राहणे कठीण. ते साबणालाच जाते. जुन्या हलर गिरण्यांत तर तूस आणि कोंडा एकत्रच बाहेर पडे, त्यातून तेल काढणे परवडत नसे. उष्णतेने कोंडा लगेच स्थिर करण्याची पद्धत आणि तूस वेगळा करणाऱ्या गिरण्या आल्या तसे हे तेल स्वयंपाकघरात गेले. ज्या गावच्या गिरण्यांतून रोज कोंड्याची पोती भरली जातात त्या गावी हे सांगण्याची खरे तर गरज नाही. मात्र साबणाच्या इतिहासात कोंडा-तेलाने चरबीला बरीच वर्षे मोठा आधार दिला, याची नोंद असावी.

दरम्यान कपडे धुण्याचा व्यवहारच साबणाच्या हातून निसटत चालला होता. १९५९ मध्ये 'सर्फ' आणि १९६९ मध्ये अहमदाबादच्या करसनभाई पटेल यांचे 'निरमा' आले. या भुकट्यांत मुख्य द्रव्य खनिज तेलापासून बनविलेले. चरबी नाही, घाणीचे तेलही नाही. चरबीचा प्रश्न धुण्याच्या बाबतीत असा परस्पर सुटला, आणि त्याच झपाट्यात गावोगावचे धुण्याच्या साबणाचे छोटे कारखानेही मिटले. करंज आणि टोळी यांचे मुख्य गिऱ्हाईक नाहीसे झाले. अहिंसेचा प्रश्न एका दारातून बाहेर पडावा आणि नदी-नाल्यांतील फेसाच्या रूपाने दुसऱ्या दाराने आत यावा, असा हा प्रकार आहे.

अंगाच्या साबणाबाबत मात्र श्रावकाला आजही सावध राहावे लागते. बहुतेक देशी कंपन्यांचा साबण पाम व खोबऱ्यावर आधारित असला, तरी आयात केलेल्या वड्यांवर 'सोडियम टॅलोएट' हा शब्द आढळतो. टॅलो म्हणजे चरबी. 'सोडियम पामेट', 'सोडियम पाम कर्नलेट', 'सोडियम कोकोएट' हे शब्द अनुक्रमे पाम, पामचा गर आणि नारळ दर्शवितात. नुसते 'स्टिअरिक आम्ल' किंवा 'ग्लिसरीन' लिहिले असेल तर त्यावरून उगम कळत नाही. ते झाडाचेही असते आणि प्राण्याचेही. एकूण मेदद्रव्याचे प्रमाण दाखविणारा आकडाही केवळ किती हे सांगतो, कशाचे ते नाही. पहिल्या दर्जाच्या अंगाच्या साबणात ते किमान ७६ टक्के असावे असा भारतीय मानक आहे, आणि ७६ टक्के चरबीचा साबणही या कसोटीस उतरू शकतो. खाद्यपदार्थांप्रमाणे साबण व सौंदर्यप्रसाधनांवरही हिरवा किंवा तांबडा ठिपका छापण्याची तरतूद २०१४ मध्ये वैधमापन नियमांत करण्यात आली, तेव्हा उद्योगजगताने तिला आक्षेप घेतला. ठिपक्यावर विसंबण्यापेक्षा घटकांची यादी वाचणे अधिक शहाणपणाचे.

पामच्या बाबतीतही डोळे मिटून चालणार नाही. बोर्निओ आणि सुमात्राची वने तोडून जेथे पामचे मळे उभे राहिले तेथे ओरांगउटानसारखे प्राणी बेघर झाले. वनकर्म आणि दवदान, म्हणजे जंगल तोडण्याचा धंदा आणि वणवा लावणे, हीही त्या पंधरा कर्मादानांतलीच. चरबी नाही म्हणून वडी अहिंसक ठरली, असे म्हणणाऱ्याने या दोन शब्दांचा अर्थ एकदा पुन्हा पाहावा.

मोहाचे झाड याबाबत वेगळे आहे. ते कोणी लावीत नाही आणि सहसा कोणी तोडीतही नाही, कारण त्याच्या फुलावर, फळावर आणि बीवर घर चालते. वेचणी बहुतांशी स्त्रिया व मुले करतात. २०१३ पासून केंद्र सरकारने ज्या गौण वनोपजांना किमान आधारभूत किंमत लागू केली त्यांत मोहाची आणि करंजाची बी दोन्ही आहेत. वनहक्क कायदा २००६ चा. त्याखाली धानोरा तालुक्यातील मेंढा (लेखा) या गावाला २००९ मध्ये सामूहिक वनहक्क मिळाला आणि पुढे जिल्ह्यातील शेकडो ग्रामसभांनी आपल्या वनोपजाच्या व्यवहाराची सूत्रे हाती घेतली. व्यापाऱ्याच्या तराजूसमोर एकटी उभी राहणारी बाई आणि दर ठरविणारी ग्रामसभा यांतील अंतर बाजारपेठेतल्या माणसाला समजावून सांगावे लागत नाही.

एक गोष्ट मात्र सरकारी कागदांनी आणि साबण करणाऱ्यांनीही बरीच वर्षे नजरेआड केली. टोळीच्या तेलाला ज्या यादीत 'अखाद्य' म्हटले आहे, ते तेल गडचिरोलीच्या गोंड व माडिया घरांत खाल्ले जाते. त्यात भाजी शिजते, सणाला पदार्थ तळले जातात, बाळंतिणीच्या व लहान मुलाच्या अंगाला ते चोळले जाते, दिव्यातही तेच जळते. अखाद्य हा शिक्का मारला तो ज्यांच्या ताटात ते नव्हते त्यांनी. स्वस्त दुकानातून पाम तेल मिळू लागले तशी घरी घाणीवर टोळी पिळण्याची रीत मागे पडत गेली. आता साबणासाठी टोळीला चांगला भाव आला तर ती घरात राहील की पोत्यात जाईल, हा प्रश्न कुमारप्पांच्या त्या जुन्या हिशेबाकडे पुन्हा आणतो : खाण्याचे तेल कोणते आणि धुण्याचे कोणते, हे कोणी ठरवावयाचे? तेल काढून उरलेल्या ढेपेत फेस आणणारे विषारी द्रव्य असते; काही ठिकाणी ती डोहात टाकून मासे भुलवितात. तीच ढेप कुजवून बांधीत घातली तर धानाला खत होते. करंजाची ढेप तर वाळवीही दूर ठेवते, असा शेतकऱ्यांचा अनुभव आहे.

अलीकडे विदर्भात काही महिला बचत गट पुन्हा मोह, करंज आणि निंबोळी यांच्या वड्या करू लागले आहेत. वजनाचा काटा, सोड्याचा तक्ता आणि हातमोजे ही त्यांची नवी सामग्री. जुन्या खादी साबणाचा उग्र वास जावा म्हणून टोळीचे तेल आधी मीठपाण्याने धुऊन गाळून घेता येते, आणि बी पावसाआधी वेचून, फोडून, गर कडक उन्हात वाळविला तर तेल फिके पिवळे निघते. हे वाळविणे ज्याला साधले त्याचा साबण साधला. बाकी सारे काम काट्याचे आणि धीराचे आहे. वडी पाडल्यावर तिला महिनाभर फळीवर ठेवावेच लागते.